बुधवारचा राउंड, गुरुवारचं डोकं

१० जानेवारी, शुक्रवार

डोक्याच्या डॉक्टरांनी वही ठेवायला सांगितली आहे. तारीख लिहायची, किती वाजता दुखलं, कुठे दुखलं, आधी काय खाल्लं, किती झोपले, कोणती गोळी घेतली. सगळं न चुकता. मी म्हटलं, लिहीन. लॉगबुक भरून भरून अक्षर बिघडलंय, तरी वाचता येण्याइतकं आहे.

घरी येऊन रकाने आखले तेव्हा कळलं, रकान्यांत माझं काही मावत नाही. म्हणून युक्ती केली. वही पुढून उघडली की डॉक्टरांचा तक्ता, आणि उलटी करून मागून उघडली की माझं. ही मागची पानं कोणालाही दाखवायची नाहीत.

तर मी मिनल, वय एकेचाळीस, चाकणच्या एका गिअर बनवणाऱ्या कंपनीत मेंटेनन्सला. नवरा सुरज तळवड्याला आयटी पार्कमध्ये इलेक्ट्रिशियन. आमच्याबरोबर पिंपरीत माझे वडील राहतात, अण्णा. धम्मरत्न फिटर म्हणून विचारा, जुन्या कंपन्यांतली रिटायर मंडळी अजून नाव काढतात. सुरजच्या मते माझं डोकं चष्म्यामुळे दुखतं. अण्णा यावर काही बोलत नाहीत. ते तसेही कमीच बोलतात.

डोकं पंधरा वर्षांपासून दुखतं. पूर्वी महिन्यातून एकदा, पाहुण्यासारखं यायचं. दोन वर्षांपासून मुक्कामालाच आलंय. डावीकडे कानापाशी सुरू होतं, डोळ्यामागे जातं, मग उजेड नको, उलट्या, आणि आवाज तर मुळीच नको. आणि माझी रोजीरोटीच आवाजावर!

ती गोष्ट इथे लिहितेच. आमच्या शॉपमध्ये, म्हणजे कारखान्याच्या शेडमध्ये, चाळीस ग्राइंडिंग मशिनं आहेत, प्रत्येकाच्या पोटात बेअरिंगं. बेअरिंग तुटण्याआधी बोलायला लागतं. ते बोलणं ऐकणारी अख्ख्या कंपनीत एकच, ती मी. लाकडी मुठीचा लांब स्क्रू ड्रायव्हर घ्यायचा, टोक मशीनच्या अंगाला टेकवायचं आणि मूठ डाव्या दाढांत घट्ट धरायची. जेवढं दाबाल तेवढं स्वच्छ. कानांत बोळे असतात, त्यामुळे शॉपचा गोंगाट बाहेर राहतो आणि बेअरिंग सरळ कवटीत बोलतं. ही विद्या अण्णांची. पिंपरीत त्यांना दातवाला फिटर म्हणायचे. मला पहिली नोकरी लागली त्या दिवशी त्यांनी स्वतःचा स्क्रू ड्रायव्हर माझ्या हातात ठेवला. म्हणाले, "मला आता कंपनीनं ऐकायची नवी नळी दिलीया. ह्यो तुला." मुठीच्या एका अंगाला त्यांच्या दातांच्या खुणा आहेत, दुसऱ्या अंगाला माझ्या. त्यांच्या खुणांवर मी एकवीस वर्षांत एकदाही दात लावलेला नाही.

हे पुढच्या तक्त्यात लिहिलेलं नाही. तिथे दुखण्याचं लिहायचंय, आणि हे काही दुखणं नाही.

१५ जानेवारी, बुधवार

आमची सुट्टी गुरुवारी असते. म्हणून बुधवारी माझा राउंड. चाळीसच्या चाळीस मशिनं ऐकायची, संशय येईल त्याचा नंबर फळ्यावर लिहायचा, गुरुवारी शॉप बंद असताना ते उघडतात. दोन वर्षांपूर्वीपर्यंत कोणी तक्रार केली तरच मी ऐकायचे. मग साहेबांना माझ्या ऐकण्याची चटक लागली आणि दर आठवड्याचा राउंड सुरू झाला.

आज सतरा नंबरवर भाग्यश्रीशी जुंपली. भाग्यश्री आमची नवी इंजिनिअर, पोरगी हुशार आहे, तिच्याकडे कंपनं मोजायचा मीटर आहे. मीटर सतरावर हिरवा.

"मिनलताई, रीडिंग लिमिटमध्ये आहे हो."

"असेल लिमिटमध्ये. खुशीत नाहीये ते," मी म्हटलं आणि फळ्यावर सतरा लिहिलं. साहेबांनी मीटरकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि सतरा तसंच राहू दिलं. याला म्हणतात वजन.

संध्याकाळी जेवताना अण्णांना सांगितलं. अण्णा मी कामावरून आले की एकच प्रश्न विचारतात, आजही विचारला. "लावला का गं दाताला?"

"मग! चाळीसही मशिनांना."

अण्णा आमटीत भिजवलेली भाकरी अर्धी तशीच ठेवून उठले. माझा पराक्रम ऐकला की त्यांचं पोट भरतं.

१६ जानेवारी, गुरुवार

पहाटेपासून. डावीकडे. पडदे लावून पडले. उलट्या दोन, गोळ्या तीन.

दुपारी भाग्यश्रीचा मेसेज. सतरा उघडलं, बेअरिंगच्या रिंगवर खड्डे पडलेत, ताई तुम्ही भारी आहात. अंधारात पडल्या पडल्या हसले. हसताना जबडाही दुखला.

२३ जानेवारी, गुरुवार

पुन्हा तेच. सूर्य मावळल्यावर जरा उतरलं तेव्हा तक्ता बघत बसले आणि मला शोध लागला. अधलेमधले दिवस सोडले तर गुरुवार एकही चुकलेला नाही, आठवून बघितले तर वहीच्या आधीचेही. माझं डोकं कामसू आहे, त्याला सुट्टी सहन होत नाही! सहा दिवस झकास चालतं, बंद ठेवलं की रुसतं. आळशी माणसांची डोकी सोमवारी दुखत असतील, माझं सुट्टीला दुखतं.

सुरजला सांगितलं तर म्हणाला, "मग गुरुवारी ओव्हरटाइमला जात जा की राव." चष्म्याचा नंबर काढून झाला, जुनाच निघाला. त्यामुळे आता त्याने पित्त धरलंय. जिरे, कोकम, आवळा, घरात नुसता आयुर्वेद चाललाय.

२ फेब्रुवारी, रविवार

आज फजिती झाली. शिफ्ट सुटल्यावर चाकणच्या चौकात भाग्यश्रीबरोबर वडापाव खायला थांबले. पहिला घास घ्यायला तोंड उघडलं तर कानापाशी कट्ट आवाज झाला आणि तोंड अर्ध्यावरच अडकलं. पुढे उघडेना. वडापाव हातात, मिरची हातात, आणि मी बाहुलीसारखी उभी.

"ताई, बोला की काहीतरी!" भाग्यश्री घाबरली. आता बोलू कशी? दहा मिनिटं गाल चोळला तेव्हा सुटलं. वडापाव तिला दिला. असा हातातला वडापाव देणारी मी नव्हे.

घरी सांगितल्यावर सुरजचा चेहरा उतरला. मीच त्याला धीर दिला. "अरे, आमच्या घराण्यातच जबडा वाजतो. अण्णांचा नाही का वाजत? म्हणून तर ते भाकरी भिजवून खातात. रक्तातलंच आहे." अण्णा खाली ताटाकडे बघत होते.

६ फेब्रुवारी, गुरुवार

डोकं ठणकत असतानाच डोक्याच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी तक्ता बोटाने वरून खाली तपासला, आमचे ऑडिटर तपासतात तसा. "दर गुरुवारी? बुधवारी काय करता तुम्ही?"

"ड्यूटी."

"रोजच्यापेक्षा काही वेगळं?"

"नाही." तसं हे खोटं नव्हे. बुधवारी मी माझं कामच करते. आणि कामातली गुपितं दवाखान्यात कशाला सांगायची? उद्या कोणी म्हणेल, बाई स्क्रू ड्रायव्हर चावते. अण्णांची विद्या ती, अशी रकान्यात टाकायची नाही.

मग त्यांनी माझ्या कानासमोर बोटं टेकवून दाबली आणि मी ओरडलेच. म्हणाले, "मायग्रेन तुम्हाला आहेच, ते जुनं आहे. पण हा जबड्याचा सांधाही बिघडलाय. दोघं मिळून एकमेकांना चिथावतात. एकट्या डोक्याला औषध देऊन भागणार नाही." रोज घ्यायची एक गोळी दिली. दुखेल तेव्हा खायच्या गोळ्यांवरून मात्र चांगलंच झापलं. इतक्या खाल्ल्या तर गोळ्यांनीच डोकं दुखायला लागतं म्हणे. रावेतच्या दातांच्या डॉक्टरांच्या नावे चिठ्ठी दिली.

डोकं दुखतं आणि दातांकडे पाठवतात. सुरजचं पित्त तरी जवळ होतं.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

दातांच्या डॉक्टर पुनम मॅडम. बाई बारीक, पण आवाजात जरब. मला आवडल्या. पट्टी लावून त्यांनी माझं तोंड मोजलं. "बत्तीस मिलिमीटर उघडतंय. चाळीसच्या आसपास तरी हवं."

"म्हणजे मी रिजेक्ट पीस," मी म्हटलं. त्या हसल्या. नोकरीची एकवीस वर्षं मी दुसऱ्यांना रिजेक्ट करत आले.

मग प्रश्न. सुपारी खाता? नखं? पेन चावता? दाताने दोरा तोडता? नाही, नाही, नाही, नाही. चारही उत्तरं शंभर टक्के खरी. स्क्रू ड्रायव्हरचं त्यांनी विचारलं नाही.

दातांचे साचे घेतले. झोपताना घालायची एक प्लेट देणार आहेत. शिवाय नियम. ओठ मिटलेले पण दात सुटे, गरम शेक, जबड्याचे हलके व्यायाम आणि दोन महिने मऊ खाणं.

घरी येऊन मीही भाकरी आमटीत बुडवली. "बघा अण्णा, बापलेक एका पंगतीला आले," मी म्हटलं. मला वाटलं हसतील. ते म्हणाले, "परवा राउंड झाला न्हवं? लावला व्हता दाताला?"

"म्हणजे काय! तुमचं नाव आहे ते अण्णा."

भाकरी आजही अर्धीच खाल्ली. वय झालं आता त्यांचं.

७ मार्च, शुक्रवार

हे सगळं नीट लिहायचं ठरवलंय.

प्लेट मिळाल्यापासून दोन आठवडे न चुकता घातली. अधलेमधले दिवस सुधारले, गुरुवार होते तसेच. मॅडम आज वैतागल्या. "प्लेट खरंच घालता ना?"

मला राग आला. "मॅडम, मी आजवर लॉगबुकात एक खोटी नोंद केलेली नाही."

त्यांनी माझ्या दातांचा पांढरा साचा टेबलावर ठेवला. "हे बघा. झोपेत दात खाणाऱ्यांचे साधारण दोन्हीकडचे दात झिजतात. तुमचे उजवीकडचे छान आहेत. डावीकडे एवढ्याच दोन दाढांना खाच आहे."

"आमच्या रक्तातच आहे ते. वडिलांचाही जबडा वाजतो."

"कोणत्या बाजूचा?"

"डाव्या."

"आईचा?"

"आई शेवटपर्यंत फुटाणे खायची."

"भावंडं?"

"भाऊ दातांनी ऊस सोलतो."

"वडील काय काम करायचे?"

"फिटर होते," मी म्हटलं, आणि साच्यातल्या त्या खाचेकडे बघितलं.

चालत्या मशीनमधला दोष मी क्षणात पकडते. हा दोष माझ्या तोंडात होता, अण्णांच्या तोंडात होता, रोज ताटावर आमच्याबरोबर जेवायला बसत होता, आणि मला एकवीस वर्षं ऐकू आला नाही. मी पिशवीतून स्क्रू ड्रायव्हर काढला आणि टेबलावर ठेवला. वहीसुद्धा उलटी करून मागची पानं पुढे केली. मॅडमनी पहिलं पान वाचलं, मग मूठ उचलून साच्याच्या डाव्या दाढांमध्ये ठेवली. खाचेत बरोब्बर बसली.

"आजपासून हे तोंडात जाणार नाही," त्या म्हणाल्या.

"किती दिवस?"

"कायमचं, मिनलताई."

रिक्षात रडले. जबड्यासाठी नाही. ऐकणं गेलं तर मी शॉपमधली कोण? आणि अण्णांना काय सांगू? तुमच्या विद्येनं माझा जबडा गेला, तुमचाही तिनंच गेला, आणि आता ती विद्या बंद? जन्मभराची कमाई आहे ती त्यांची.

१२ मार्च, बुधवार

दात न लावता राउंड. टोक मशीनला, मूठ हातात. बोळा काढून मूठ कानाच्या भोकाला लावून बघितली तर अख्खा शॉप आत शिरला. नऊ नंबरचा मला मागच्या आठवड्यापासून संशय होता. त्या मशीनपुढे दहा मिनिटं उभी राहिले. एकदा मूठ ओठांपर्यंत नेली. तो पांढरा साचा आठवला आणि हात खाली घेतला.

फळ्यावर लिहिलं, "आज ऐकता आलं नाही. मीटरचं रीडिंग धरावं." साहेबांनी दोनदा वाचलं. भाग्यश्री मीटर घेऊन माझ्याबरोबर चाळीस मशिनं फिरली. नऊ नंबरवर मीटर हिरवा होता. एवढी लाज मला कधी वाटली नव्हती.

जेवताना अण्णांनी विचारलं, "लावला का दाताला?"

"लावला," मी म्हटलं. अण्णांशी हे माझं पहिलं खोटं. ते अर्धी भाकरी ठेवून उठले.

१३ मार्च, गुरुवार

दुखलं नाही. तक्त्यात गुरुवारी पहिल्यांदा शून्य. सुरजने शिरा केला. मला तो गोड लागला नाही.

२१ मार्च, शुक्रवार

परवाचा राउंडही बहिरा गेला, घरी परवाही खोटंच बोलले. गुरुवार मात्र पुन्हा कोरा गेला. मग ठरवलं, माझं राहू दे, अण्णांचा जबडा तरी बरा करू. मॅडमनी तपासायला बोलावलंय असं सांगून त्यांना आज रावेतला नेलं.

मॅडमनी कागद पुढे ओढला. "आजोबा, जबडा कधीपासून दुखतो?"

अण्णा माझ्याकडे न बघता म्हणाले, "हिला हत्यार दिलं त्याच्या आदल्या सालापासनं."

मला समजायला वेळ लागला. मॅडमना लगेच समजलं. "म्हणजे दुखायला लागलं म्हणून तुम्ही सोडलंत?"

"व्हय. वाटलं, माझाच जबडा कच्चा. हिला म्या पेच फिरवायला दिलता मॅडम, आठवण म्हणून. हिनं पहिल्याच दिवशी दाताला लावून बेअरिंग पकडलं. घरी आली, तोंडावर नुस्तं तेज. मला म्हणती, अण्णा, मी तुमच्यासारखं ऐकलं. आता त्या तोंडाला काय सांगू? आज सांगू, उद्या सांगू करत राहूनच गेलं."

"एकवीस वर्षं, अण्णा?" मी म्हटलं.

"रोज इचारत व्हतो की. एखाद्या दिशी न्हाई म्हणशील म्हणून."

गॅलरीत दवाखान्याचा हवेचा कॉम्प्रेसर घरघरत होता. मी म्हटलं, "परवा नव्हता लावला, अण्णा. मागच्या बुधवारीही नाही. मी खोटं बोलले."

अण्णांनी माझा हात धरला. "ब्येस केलंस." मग मॅडमकडे बघून घाईने म्हणाले, "खोटं बोलली ते न्हवं. लावला न्हाई ते."

आम्ही तिघंही हसलो. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि मी हसत होते. मग मला एकदम आठवलं. "पण तुम्ही त्यानंतर रिटायर होईपर्यंत ऐकत होतात की! त्या नळीनं?"

"कसली नळी न् काय. कुणी दिली न्हाई नळी."

अण्णांनी माझ्या पिशवीतून स्क्रू ड्रायव्हर काढला. मॅडमकडून कापूस मागून कानांत घातला, गॅलरीत गेले, टोक कॉम्प्रेसरच्या मोटरला टेकवलं आणि मूठ कानामागच्या हाडाला लावली. अडुसष्ट वर्षांचा माणूस डोळे मिटून उभा. मी त्यांना काम करताना कधी बघितलंच नव्हतं, नुसतं ऐकलं होतं. आज बघितलं.

"ह्ये हाड," ते म्हणाले. "दातापरीस बारीक बोलतं. पण बोलतं. धीर धराया लागतो."

मी कापूस घातला, मूठ लावली. काही नाही. अण्णांनी माझ्या मनगटाला धरून मूठ बोटभर खाली सरकवली. तरी काही नाही. डोळे मिटले, ओठ मिटले, दात सुटे ठेवले. आणि आला. पलीकडच्या खोलीतून कोणी हळू बोलावं तसा, पण आला.

"कोरडं आहे," मी म्हटलं.

"व्हय," अण्णा म्हणाले.

"मॅडम, तुमच्या मोटरच्या बेअरिंगला ग्रीस नाहीये," आम्ही दोघांनी बरोबरच सांगितलं.

"पेशंट कोण आहे इथे?" मॅडम म्हणाल्या आणि अण्णांना खुर्चीत बसवलं.

९ एप्रिल, बुधवार

पंधरा दिवस घरात धुमाकूळ घातला. मिक्सर, पंखा, सोसायटीचा पाण्याचा पंप, खालच्या गिरणीची मोटर, जे फिरतं ते ऐकलं. सुरज म्हणाला, आता मला टेकवू नको म्हणजे झालं. गेल्या बुधवारी शॉपमध्ये नऊ नंबरपाशी उभी राहिले आणि फळ्यावर लिहिलं, "नऊ. उघडा." भाग्यश्रीचा मीटर तेव्हाही हिरवाच होता. दुसऱ्या दिवशी उघडलं, तर बेअरिंगचे छर्रे धरून ठेवणारा पिंजरा चिरलेला. तुटला असता तर मशीनचा मुख्य दांडाच, स्पिंडल, घेऊन गेला असता. भाग्यश्री आज म्हणाली, "ताई, मलाही शिकवा." मी म्हटलं, शिकवीन, पण पहिला धडा दात सुटे ठेवायचा.

मायग्रेन गेलेलं नाही. गेल्या रविवारी येऊन गेलं, पडदे लावावे लागले. डॉक्टर म्हणाले, ते अधूनमधून येईल, गोळी चालू ठेवा, वहीही चालू ठेवा. जबडा छत्तीसपर्यंत उघडतोय. अण्णांचीही प्लेट झाली. सकाळी दोघांच्या प्लेटांच्या डब्या नळाशी शेजारी शेजारी धुऊन ठेवते.

आज चाळीस मशिनं ऐकायला नेहमीपेक्षा तासभर जास्त लागला. लागू दे. धम्मरत्न फिटरची मुलगी आहे मी, आणि त्यांची खरी विद्या मला आत्ता कुठे मिळालीय. मूठ कानामागे धरली की दोन्ही अंगांच्या खुणा माझ्या मुठीत येतात. त्यांच्या खुणांवर आता बोटं ठेवते.

संध्याकाळी ताटं वाढली. अण्णांना सगळं माहीत आहे, तरी त्यांनी विचारलंच. "लावला का दाताला?"

"नाही, अण्णा."

त्यांनी भाकरी आमटीत कुस्करली, सावकाश खाल्ली, आमटीचा थेंबही ठेवला नाही. मग ताट पुढे केलं.

"अर्धी अजून वाढ," म्हणाले.